बेघरांच्या यजमानीण : डोरोथीबाई डे ह्यांचे अल्पचरित्र



ज्युबिली हा शब्द उच्चारताच पताका, रोषणाई, गायनवृंद आणि थाटाची मिस्सा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आणि महोत्सवप्रसंगी ती उभी राहावी हे योग्यच आहे. परंतु हा शब्द जेथून आला त्या लेवीयाच्या पुस्तकात पताकांचा उल्लेख नाही. तेथे पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकण्याची आज्ञा आहे. आणि ते ऐकून, ज्याची जमीन दारिद्र्यापायी हातची गेली असेल त्याने आपल्या वतनात परतावे, व जो दुसऱ्याच्या घरी राबत असेल त्याने आपल्या कुटुंबात परतावे, असा नियम घालून दिला आहे. म्हणजे ज्युबिलीचे मूळ मागणे हेच की, घराबाहेर पडलेला माणूस पुन्हा घरी यावा. ह्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे असे समितीने मला सांगितले, तेव्हा कोणा राजाचे अथवा महापंडिताचे चरित्र न सुचता, ज्यांनी आपले निम्म्याहून अधिक आयुष्य बेघरांना दार उघडण्यात वेचले त्या अमेरिकेतील डोरोथीबाई डे ह्यांचे चरित्र सुचले, त्याचे कारण हेच होय.

डोरोथीबाईंचा जन्म इ.स. १८९७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ व्या तारखेस न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील वर्तमानपत्रांतून घोड्यांच्या शर्यतींविषयी लिहीत असत. घरात धर्माचे नाव क्वचितच निघे. पुढे हे कुटुंब पश्चिम किनाऱ्यावरील ओकलंड येथे राहावयास गेले, आणि तेथे १९०६ सालच्या एप्रिल महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा तो भयंकर भूकंप झाला. खाडीपलीकडचे ते शहर जळत असताना तेथील निराधार लोक नावांतून ओकलंडला येऊ लागले. डोरोथीची आई व शेजारच्या स्त्रिया रात्रंदिवस त्यांच्यासाठी रांधीत होत्या, आणि घरातील जास्तीचे कपडे वाटून टाकीत होत्या. आठ वर्षांची डोरोथी हे पाहात होती. संकट असेतोवर माणसे एकमेकांवर एवढे प्रेम करतात, तर संकट सरल्यावर ते प्रेम कोठे जाते, हा प्रश्न तिच्या मनात त्या वेळी रुजला, आणि तो जन्मभर गेला नाही.

त्या भूकंपाने ह्या कुटुंबाचीही चूल मोडली. वडिलांचे वर्तमानपत्र आगीत गेले, नोकरी गेली, आणि सर्वांना शिकागो शहरी एका दारूच्या गुत्त्यावरील कोंदट बिऱ्हाडात दिवस काढावे लागले. बेघरांचे दुःख डोरोथीबाईंनी प्रथम पुस्तकात वाचले नाही; ते त्यांनी आधी आईच्या स्वयंपाकघरात पाहिले आणि मग स्वतःच्या घरात थोडेसे भोगले.

बुद्धी तल्लख असल्यामुळे १९१४ साली त्यांना इलिनॉय विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. परंतु दोन वर्षांतच अभ्यास सोडून त्या न्यूयॉर्कला आल्या व समाजवादी पत्रांतून लिहू लागल्या. त्या काळी शहराच्या पूर्व भागातील चाळींत दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचे जिणे पाहून त्यांचे मन पेटून उठे. १९१७ साली स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून वॉशिंग्टन येथे उभ्या राहिलेल्या स्त्रियांबरोबर त्यांना तुरुंगवास घडला, व तेथे त्यांनी अन्नत्यागही केला. गरिबांचे कैवारी त्यांना समाजवाद्यांत दिसत. ख्रिस्तसभेत मात्र गरीब दिसत, पण गरिबांचा कैवार घेणारे फारसे दिसत नसत. हे त्यांचे मत आपल्याला बोचेल. परंतु ते सर्वस्वी खोटे होते असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

ह्यानंतरची काही वर्षे त्यांच्या आयुष्यातील काळोखाची होत. संतांची चरित्रे लिहिताना असली पाने गाळण्याची पद्धत आहे. परंतु डोरोथीबाईंनी स्वतः आपल्या पापांवर पांघरूण घातले नाही, म्हणून आपणही घालू नये. एका अविचारी प्रेमापायी त्यांच्या हातून उदरातील बालकाचा घात झाला. घाईने केलेला एक विवाह मोडला. मद्य आणि मित्रमंडळी ह्यांच्या संगतीत रात्री गेल्या. ह्या सर्व काळात त्या अधूनमधून पहाटेच्या मिस्सेला देवळात मागे जाऊन बसत. काय शोधीत होत्या हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

१९२४ नंतर स्टॅटन आयलंड ह्या बेटावर समुद्रकाठी त्यांनी एक लहानसे घर घेतले. फॉर्स्टर बॅटरहॅम नावाच्या गृहस्थाबरोबर त्या तेथे राहू लागल्या. हा गृहस्थ सज्जन व सृष्टिप्रेमी, परंतु देव आणि विवाह ह्या दोहोंनाही न मानणारा होता. १९२६ च्या मार्च महिन्यात त्यांना कन्या झाली. तिचे नाव तामार. ज्या सुखाची आशा सोडली होती ते पदरी पडले, तेव्हा आभार कोणाचे मानावे, असा प्रश्न त्या मातेपुढे उभा राहिला. बाळाचा स्नानसंस्कार झाला. आणि १९२७ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २८ व्या तारखेस डोरोथीबाईंनी स्वतःही कॅथॉलिक धर्माचा स्वीकार केला. त्या संस्काराची किंमत त्यांना रोख मोजावी लागली. विवाहास नकार देणाऱ्या त्या पुरुषाचा संग त्यांना सोडावा लागला, आणि त्याच्यावरील प्रेम तर आटले नव्हते. हातात मूल, पाठीशी कोणी नाही आणि लेखणीशिवाय दुसरे साधन नाही, अशा स्थितीत त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचा आरंभ झाला.

आता त्या काळच्या अमेरिकेकडे वळू. १९२९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्यापाठोपाठ जगावर महामंदी आली. १९३३ सालापर्यंत त्या संपन्न देशातील दर चार कामकऱ्यांपैकी सुमारे एक बेकार झाला होता. अशांची संख्या सव्वा कोटीहून अधिक भरली. कर्जापायी दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. बिऱ्हाडाचे भाडे थकले की खाटा, भांडी, पाळणा असे सारे सामान रस्त्यावर मांडले जाई आणि दाराला कुलूप पडे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क ह्या प्रशस्त उद्यानात बेघरांनी फळ्या व पत्रे ह्यांच्या झोपड्या उभारल्या होत्या. काल ज्याच्या घरी पाहुणे जेवत होते तो आज पावासाठी रांगेत उभा होता; आणि आळशालाच दारिद्र्य येते, हा समज त्या रांगेने पार खोटा ठरविला.

१९३२ सालच्या डिसेंबर महिन्यात बेकारांचा एक मोठा मोर्चा वॉशिंग्टनला गेला. कॅथॉलिक नियतकालिकांसाठी त्याची हकीकत लिहावयास डोरोथीबाई तेथे गेल्या होत्या. भुकेल्यांच्या पुढे साम्यवादी चालत आहेत आणि ख्रिस्ताचे अनुयायी बाजूस उभे राहून पाहात आहेत, हे दृश्य त्यांच्या काळजाला झोंबले. डिसेंबरच्या ८ व्या तारखेस, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, त्या तेथील पवित्र मरियेच्या मंदिराच्या तळघरातील वेदीपुढे गेल्या, आणि आपल्याजवळ जे काही थोडेफार सामर्थ्य आहे ते गरिबांच्या कामी कसे लावावे ह्याची वाट दाखव, अशी त्यांनी अश्रू ढाळीत प्रार्थना केली.

प्रार्थनेचे उत्तर घरी वाट पाहात बसले होते, आणि ते फारसे रुबाबदार नव्हते. पीटर मॉरिन नावाचे एक पंचावन्न वर्षांचे फ्रेंच शेतकरी, अंगावर चुरगळलेले कपडे आणि खिशांत कागदांचे गठ्ठे, एका संपादकाकडून पत्ता घेऊन त्यांच्या भेटीस आले होते. ह्या गृहस्थांनी पूर्वी शाळामास्तरकी केली होती; पुढे मोलमजुरी केली; आणि सर्वकाळ संतांचे ग्रंथ वाचले. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रारंभीच्या ख्रिस्तसभेत बिशपांच्या घरी वाटसरूंना व निराधारांना आसरा मिळे. तसा आसरा आजही प्रत्येक धर्मग्रामात असावा. शिवाय प्रत्येक ख्रिस्ती घरात एक खोली ख्रिस्तासाठी राखून ठेवलेली असावी, म्हणजे तो परक्याच्या रूपाने आला असता त्यास जागा नाही असे सांगण्याची पाळी येणार नाही. ह्या विचारांचा प्रसार करण्यासाठी एक वर्तमानपत्र काढावे, असा त्यांनी आग्रह धरला.

पैसा नव्हता. गॅसचे व विजेचे देणे मागे ठेवून, लेखांचे आलेले मानधन एकत्र करून, सत्तावन्न डॉलर छापखान्यास दिले. संपादनाचे काम स्वयंपाकघरातील मेजावर झाले. १९३३ सालच्या मे महिन्याच्या १ ल्या तारखेस ‘कॅथॉलिक वर्कर’ ह्या पत्राच्या अडीच हजार प्रती न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर येथे कामकऱ्यांच्या गर्दीत विकावयास नेल्या. किंमत एक सेंट, म्हणजे सर्वांत हलके नाणे. आणि डोरोथीबाईंच्या हयातीत ती कधी वाढली नाही. वर्षभरात खप लाखापर्यंत पोहोचला.

तथापि छापील शब्दावर माणसे विश्वास ठेवतात, हे लेखकास नेहमीच परवडते असे नाही. आसऱ्याच्या घरांविषयी पत्रात वाचून एके दिवशी एक बेघर स्त्री कार्यालयात येऊन उभी राहिली. ती भुयारी आगगाडीच्या स्थानकांत रात्री काढीत होती. तिच्याबरोबर तशीच निराधार अशी तिची एक मैत्रीण होती; परंतु तिने गाडीखाली उडी घेऊन जीव दिला होता. तुम्ही ज्या घराविषयी लिहिता ते घर कोठे आहे, असे ती विचारीत होती. ते घर कोठेच नव्हते. ते कागदावर होते. डोरोथीबाईंनी त्याच दिवशी जवळच एक बिऱ्हाड भाड्याने घेतले, खाटा मिळविल्या, आणि स्त्रियांसाठी पहिले अतिथिगृह सुरू झाले. पुढे पुरुषांसाठीही जागा घेतली. अशा रीतीने, समिती नेमून, इमारतनिधी जमवून, कोनशिला बसवून नव्हे, तर एका मृत स्त्रीची वार्ता ऐकून हे कार्य उभे राहिले.

१९३६ साली मॉट स्ट्रीटवरील एका जुन्या इमारतीत हे अतिथिगृह गेले. तेथे रोज सकाळी कॉफी व पाव ह्यांसाठी शेकडो पुरुषांची रांग लागे. आल्यागेल्यास धर्म विचारला जात नसे, वर्तनाचा दाखला मागितला जात नसे, आणि किती दिवस राहणार हेही विचारले जात नसे. एकदा एका समाजसेविकेने राहण्याची मुदत विचारली, तेव्हा मुदत मुळीच नाही. येथे आलेली माणसे घरची झाली, ती येथेच राहतील, येथेच मरतील व त्यांना ख्रिस्ती मूठमाती मिळेल, अशा आशयाचे उत्तर डोरोथीबाईंनी दिले. शेजारच्या एखाद्या कुटुंबाचे सामान रस्त्यावर टाकले गेल्याची बातमी आली की हे लोक धावून जात, स्वस्त बिऱ्हाड शोधीत आणि सामान तेथे वाहून नेत. सेवकांस पगार नव्हता. तेही त्याच घरात राहात आणि पाहुण्यांचेच अन्न खात. वाणी, बेकरीवाला व घरमालक ह्यांची बिले साचली म्हणजे सर्वजण संत जोसेफास साकडे घालीत. कारण बेथलेहेमच्या दारोदार जागा मागण्याची लाज त्या संताला ठाऊक होती. हे पाहून इतर नगरांतही तसलीच घरे उघडली, आणि मंदीचे ते दशक संपण्यापूर्वी त्यांची संख्या तिसावर गेली.

वाचकहो, हे सर्व ऐकावयास गोड वाटते. राहावयास ते गोड नव्हते. डोरोथीबाई ते कधी गोड करून सांगत नसत. त्या घरांत ढेकूण होते, न धुतलेल्या शरीरांची दुर्गंधी होती, दारूच्या नशेतील मारामाऱ्या होत्या. भुरट्या चोऱ्याही होत. ज्यांच्यासाठी दार उघडले तेच कधी शिव्या देत. तरुण सेवक मोठ्या उत्साहाने येत आणि काही महिन्यांत थकून निघून जात. शेतीवर वसाहती करण्याचे मॉरिन महाशयांचे प्रयोग बरेचसे फसले. डोरोथीबाई स्वतः तापट होत्या, बोलण्यात कधी कठोर होत, आणि त्याबद्दल वारंवार पापनिवेदन करीत. मुलगी तामार ह्या गर्दीत वाढली. आई व्याख्यानांसाठी गावोगाव फिरत असताना तिला कधी एकाच्या तर कधी दुसऱ्याच्या हवाली राहावे लागे, आणि ह्याची टोचणी त्या मातेस अखेरपर्यंत होती. रोजची मिस्सा, जपमाळ आणि स्तोत्रपाठ ह्यांवाचून हे जिणे आपल्याच्याने एक आठवडाही निभले नसते, अशी त्यांची खात्री होती. लिझ्यूच्या संत तेरेजाचा लहान कृत्यांचा मार्ग त्यांना ह्याचसाठी प्रिय होता, आणि त्या संतावर त्यांनी १९६० साली एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

त्यांच्यावर टीका दोन्ही बाजूंनी झाली. सुधारक म्हणत, वाडगाभर सूप वाटून दारिद्र्य हटत नाही, व्यवस्था बदला. धनिक म्हणत, ही बाई संपकऱ्यांना फूस लावते. त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. १९४९ साली न्यूयॉर्कच्या कॅथॉलिक दफनभूमीतील कबरी खणणाऱ्यांनी संप केला, तेव्हा साक्षात आपल्या कार्डिनलांच्या विरुद्ध बाजूस त्या कामकऱ्यांसह उभ्या राहिल्या. आणि तरीही ख्रिस्तसभा सोडण्याचा विचार त्यांनी कधी मनात आणला नाही. व्यवस्था बदलली पाहिजे हे त्यांना मान्य होते. परंतु आज रात्री जो पायरीवर निजणार आहे त्याला आज रात्रीच खाट हवी, हेही त्या विसरल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्राचा सर्वस्वी निषेध केला. त्यामुळे पत्राचा जवळजवळ दोन लाखांवर गेलेला खप सुमारे पन्नास हजारांवर आला, आणि अनेक अतिथिगृहे बंद पडली. त्या बदलल्या नाहीत. १९४८ साली महात्मा गांधींचा वध झाला, तेव्हा त्यांनी आपल्या पत्रात त्यांना मोठ्या आदराने श्रद्धांजली वाहिली.

१९४९ साली पीटर मॉरिन वारले. शेवटची पाच वर्षे त्यांची स्मृती गेली होती. ज्यांनी इतके विचार दिले त्यांना विचार करणे अशक्य झाले होते. दुसऱ्याने दिलेल्या कपड्यांत आणि दुसऱ्याने दिलेल्या कबरीत त्यांना पुरले. आपले असे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते.

ह्यापुढील तीन प्रसंग पैशाचे आहेत, आणि डोरोथीबाईंचा स्वभाव त्यांत स्वच्छ दिसतो. १९५६ साली क्रिस्टी स्ट्रीटवरील त्यांच्या अतिथिगृहास आगीपासून धोका आहे, असे ठरवून न्यायाधीशाने अडीचशे डॉलर दंड केला. दंड भरण्यासाठी त्या निघाल्या, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या गरिबांत एक विस्कटलेल्या वेषाचा मनुष्य होता. त्याने एक कागद त्यांच्या हाती दिला. कोणा गरिबाने दोन-अडीच डॉलर दिले असतील, असे त्यांना वाटले. वाटेत उघडून पाहतात तो अडीचशे डॉलरचा चेक! तो मनुष्य म्हणजे प्रसिद्ध इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन होय. पुढे दंडही माफ झाला. येथे एक गोष्ट प्रांजळपणे म्हटली पाहिजे : नगराने घातलेले आगीसंबंधीचे नियम काही खोटे नव्हते, आणि घरात दुरुस्त्या कराव्याच लागल्या. परंतु त्या दंडाच्या भीतीने दार बंद झाले असते, तर आतील माणसे कोठे गेली असती, हा प्रश्न कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता.

दुसरा प्रसंग १९६० सालचा. भुयारी रेल्वेच्या कामासाठी नगराने तेच घर ताब्यात घेतले होते. मोबदल्यास उशीर झाला, म्हणून नगराने मूळ रकमेवर ३,५७९ डॉलर व काही सेंट व्याज दिले. डोरोथीबाईंनी ते व्याज परत पाठविले. ज्या घरात रोज उद्याच्या पावाची भ्रांत, त्या घराने हाती आलेले पैसे परत करावे, हे अनेकांस वेडेपण वाटले. परंतु पैशाने पैसा वाढवावा हे जुन्या धर्माचार्यांनी निषिद्ध मानले होते, आणि कर्जाच्या व्याजापायीच माणसे बेघर होताना त्यांनी मंदीत डोळ्यांनी पाहिली होती. ज्या पाण्यात लोक बुडाले त्याच पाण्याने आपली घागर भरणे त्यांना रुचले नाही.

तिसरा प्रसंग १९७२ सालचा. त्यांनी आपल्या कार्याची धर्मादाय संस्था म्हणून सरकारदप्तरी कधीच नोंद केली नव्हती. म्हणून कराच्या खात्याने दंडासकट २,९६,३५९ डॉलरांची मागणी केली. नोंदणीचा एक कागद भरला असता तर हे संकट टळते, आणि देणगीदारांनाही करात सूट मिळती. त्यांनी तो भरला नाही. दया ही सरकारच्या परवानगीने करण्याची गोष्ट नव्हे, आणि जी दिल्याने करात सवलत मिळते ती देणगी थोडी तरी उणी होते, अशी त्यांची धारणा होती. अखेर त्याच वर्षी खात्याने मागणी सोडून दिली.

ह्या तिसऱ्या प्रसंगाविषयी मला थोडे अधिक लिहावयाचे आहे. नोंदलेल्या संस्था वाईट असे डोरोथीबाईंचे म्हणणे नव्हते, माझेही नाही. संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या नावाने चालणारी सभा, आश्रम, अनाथालये ह्यांच्यावाचून आपले किती बांधव उघडे पडले असते! परंतु संस्थेला वर्गणी दिली की आपल्या दाराची जबाबदारी संपली, हा जो मनाचा सोयीस्कर समज आहे, त्यावर ह्या बाईंचा घाव होता. माझ्या याजकपणाच्या वर्षांत भाड्याच्या खोलीतून बाहेर काढलेली कितीतरी माणसे माझ्या दारी आली. त्यांतील अनेकांना मी एखाद्या संस्थेच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि वाटेस लावले. चिठ्ठी लिहिणे हे पाप नव्हे. परंतु चिठ्ठी देऊन दार लावल्यावर मनाला जे हलके वाटत असे, त्या हलकेपणाची आज मला लाज वाटते; कारण ते ओझे खाली उतरले नव्हते, ते केवळ दाराबाहेर त्या माणसाच्याच पाठीवर परत गेले होते.

सोबती एक गोष्ट सांगत असत. एका श्रीमंत स्त्रीने हिऱ्याची अंगठी दान दिली. ती विकून एका गरीब म्हातारीचे वर्षभराचे घरभाडे द्यावे, असे एकाने सुचविले. डोरोथीबाईंनी मात्र ती अंगठी त्या म्हातारीलाच देऊन टाकली. विकून भाडे भरावे की बोटात घालून मिरवावे, हे ती ठरवील, कारण हिरे देवाने केवळ श्रीमंतांसाठी केले नाहीत, असे त्यांचे मत पडले. ह्या गोष्टीवर हिशेबनीस हसेल. परंतु गरिबाला नुसते छप्पर नको असते, त्याला स्वतःच्या घराचा मालक असल्यासारखे ताठ मानेने वागता यावे असेही वाटते, हे त्या म्हातारीला त्या दिवशी कळले असेल.

१९७० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्या आपल्या भारतभूमीत आल्या. कलकत्त्यास मदर तेरेजा ह्यांची भेट झाली, आणि तेथील उमेदवार भगिनींना त्यांनी आपल्या तुरुंगवासाचे अनुभव सांगितले. १९७३ साली कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या लढ्यात त्यांना शेवटची अटक झाली. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. पुढे प्रकृती ढासळली. न्यूयॉर्क येथे निराधार स्त्रियांसाठी उघडलेल्या ‘मेरीहाउस’ नामक घरात त्यांनाही एक खोली होती. १९८० सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ व्या तारखेस तेथेच, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. कन्या तामार जवळ होती. ज्यांना त्यांनी आसरा दिला त्यांच्याच घरात, त्यांच्यापैकीच एक होऊन त्या गेल्या. स्टॅटन आयलंडवर त्यांची कबर आहे, आणि तिच्यावरील शिळेवर देवाचे आभार मानणारे दोन लॅटिन शब्द कोरलेले आहेत.

२००० साली रोमने त्यांच्या संतपदाच्या चौकशीस अनुमती दिली, आणि तेव्हापासून ख्रिस्तसभा त्यांना देवाची सेविका म्हणून ओळखते. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी अमेरिकेच्या कायदेमंडळापुढे भाषण करताना त्यांचे नाव आदराने घेतले. २०२१ साली न्यूयॉर्कच्या धर्मप्रांतातील चौकशी पुरी होऊन कागदपत्रे रोमला गेली. निर्णय ख्रिस्तसभेचा आहे. आपण प्रार्थना करावी. त्यांनी सुरू केलेल्या धर्तीची शंभराहून अधिक घरे आजही निरनिराळ्या ठिकाणी चालू आहेत.

वाचकहो, महोत्सव संपल्यावर पताका उतरतील आणि मांडवाचे बांबू परत जातील. आपल्या धर्मग्रामात घरे पूर्वीपेक्षा मोठी झाली आहेत. खोल्या वाढल्या आणि माणसे कमी झाली. प्रत्येकाने दार सताड उघडे टाकावे असे मी म्हणत नाही. ते सर्वांस झेपणारे नाही, आणि डोरोथीबाईंनाही ते कष्टानेच झेपले. परंतु भाडे थकलेल्या शेजाऱ्याचे एक महिन्याचे भाडे, घराबाहेर काढलेल्या एखाद्या विधवेला व तिच्या मुलांना दुसरी जागा मिळेपर्यंत एक खोली, एकट्या पडलेल्या वृद्धाला आपल्या पंगतीत एक पाट, ह्यांपैकी काहीतरी प्रत्येक घराच्या आवाक्यात आहे. ज्युबिलीचे रणशिंग हेच सांगते. कोणी एक मनुष्य ह्या वर्षी आपल्यामुळे घरी परतला, तर आपला महोत्सव खरा झाला असे मी समजेन.

प्रभु येशू ख्रिस्त, ज्याला जन्मताना सरायीत जागा मिळाली नाही, तो आपणा सर्वांस ती सुबुद्धी देवो. आमेन.